इसब बरा होतो आणि आठवड्यात परत येतो: औषध बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक घरांत एकाच शब्दांत येते. मूल दीड-दोन वर्षांचं, कोपरांच्या आतल्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्या खरखरीत, गालांवर चट्टे, रात्री खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके. क्रीम लावलं की चार दिवसांत त्वचा छान होते, बंद केलं की आठवडाभरात सगळं पहिल्यासारखं. मग डॉक्टर बदलतात, मग पॅथी बदलते. इंदुरात नोव्हेंबर लागला आणि हवा कोरडी झाली की अशा मुलांचा त्रास हमखास वाढतो.

दहातल्या बऱ्याच घरी औषध बरोबरच असतं. चुकतं ते किती लावलं, किती दिवस लावलं आणि त्वचा स्वच्छ झाल्यावर काय केलं, हे. म्हणून तपासणी तिथून सुरू करायची.

आधी इसब किती आहे ते मोजा

‘पोएम’ नावाची सात प्रश्नांची पट्टी जगभर वापरतात, घरी दोन मिनिटांत होते. गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस त्वचेतून रक्त आलं, पाणी आलं, भेगा पडल्या, पापुद्रे सुटले, त्वचा कोरडी वाटली? एकही दिवस नाही तर 0, एक-दोन दिवस 1, तीन-चार दिवस 2, पाच-सहा दिवस 3, रोज असेल तर 4. बेरीज 8 ते 16 म्हणजे मध्यम, 17 ते 24 तीव्र, त्यावर अतितीव्र. दर रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. “जरा बरं आहे” यातून डॉक्टरांना काही कळत नाही. 19 वरून 11 झालं म्हटलं की कळतं.

आपल्या सावळ्या मुलांमध्ये लाली पुस्तकातल्या फोटोंसारखी लाल दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते, आणि कधी चट्ट्याऐवजी नुसते रोमरंध्रांवर बारीक पुळ्यांसारखे उंचवटे असतात. म्हणून डोळ्यांवर कमी आणि बोटांवर जास्त भरवसा ठेवा: त्या जागेवरून बोट फिरवलं की खरखर आणि जाडपणा लागतो का?

ट्यूब किती दिवस पुरते?

हा एकच प्रश्न अर्धं कोडं सोडवतो. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत स्टेरॉइडच्या (सूज कमी करणाऱ्या मलमाच्या) ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे एक बोटपेर, साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांइतक्या जागेला (बोटं धरून) पुरतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला लागणारं प्रमाण असं: चेहरा आणि मान दीड पेर, एक हात दीड, एक पाय दोन, छाती-पोट दोन, पाठ आणि कुल्ले तीन. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला हात दोन, पाय तीन, छाती-पोट तीन, पाठ साडेतीन.

आता हिशेब करा. दोन वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय इसबाने भरलेत. तीन अधिक चार, म्हणजे सात पेरं, साडेतीन ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तरी 15 ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपायला हवी. तीच ट्यूब दोन महिने कपाटात असेल, तर मुलाला औषध मिळालेलंच नाही, नुसता वास मिळाला. (ही बेरीज फक्त इसब असलेल्या जागेची. चांगल्या त्वचेवर स्टेरॉइड लावायचं नाही.)

बहुतेक स्टेरॉइड मलमं दिवसातून एकदा लावली तरी दोनदा लावण्याइतकीच चालतात. एकदाच, पण पुरेसं. त्वचा चमकेल इतकं.

मॉइश्चरायझरचं प्रमाण तर याहून कितीतरी मोठं. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं इसब असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम सांगतात. म्हणजे 50 ग्रॅमची सुबक ट्यूब एक-दोन दिवसांची. म्हणून सुवासिक, महाग काही घेण्यापेक्षा बिनवासाचं, पांढऱ्या सॉफ्ट पॅराफिनचं साधं क्रीम किंवा मलम मोठ्या डब्यात घ्या. दवा बाजारात 400-500 ग्रॅमचे डबे मिळतात. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर आठवडाभरात डब्यातच जंतूंचा संसार थाटला जातो. लावताना केसांच्या दिशेने, वरून खाली, न चोळता. युरिया असलेलं क्रीम लहान मुलांच्या फुटलेल्या त्वचेला झोंबतं, टाळा.

अंगाला चोपडलेलं पॅराफिन कपड्यांत मुरतं आणि असा कपडा ठिणगीने भरकन पेटतो, धुतल्यावरही पूर्ण निघत नाही. शेगडी, समई, दिवाळीच्या फुलबाज्या यांपासून ते मूल लांब.

स्टेरॉइड लवकर बंद होतं, ते का

भीतीमुळे. लाली गेली की घरचे म्हणतात, बास. पण लाली जाते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आतली सूज नंतरही असते. बोट फिरवून त्वचा आजूबाजूसारखी मऊ लागेपर्यंत लावा आणि त्यानंतर आणखी दोन दिवस. मगच थांबा.

दुसरी भीती पांढऱ्या डागांची. “क्रीमने कोड उठलं.” इसब बरा होताना सूज असलेल्या जागी रंग काही महिने फिका राहतो, तो इसबाचा माग असतो, आणि सावकाश भरून येतो. कोडाची कड ठळक आणि रंग खडूसारखा पांढराफटक असतो. हे डाग पुसट कडांचे, किंचित खवलेदार असतात. गालांवरचे असेच फिके चट्टे पाहून “कॅल्शियम कमी आहे”, “जंत झालेत” असं सांगणारे इंदुरात गल्लोगल्ली आहेत. दोन्हींचा काही संबंध नाही.

तिसरी, सगळ्यांत चिवट: “अंगावरचं आत दाबलं की दमा होतो.” इसब आणि दमा एकाच मुलाला होऊ शकतात, कारण प्रवृत्ती एकच आहे. उपचारामुळे इसब छातीत उतरत नाही. उलट मध्यम-तीव्र इसब तसाच ठेवला तर मूल झोपत नाही, भूक मंदावते आणि फुटलेल्या त्वचेतून संसर्ग शिरतो.

खरी भीती बाळगायची ती चुकीच्या ट्यूबची. मेडिकलवर “खाजेची ट्यूब द्या” म्हटलं की बऱ्याचदा हातात पडतं ते क्लोबेटासोल, त्यात बुरशीचं एक, जंतूंची दोन औषधं मिसळलेली खिचडी. क्लोबेटासोल सर्वांत कडक गटातलं आहे. लंगोटाच्या जागी किंवा चेहऱ्यावर काही आठवडे लावलं तर त्वचा पातळ होते, वण पडतात, शरीरातल्या नैसर्गिक स्टेरॉइडची निर्मितीही मंदावू शकते. भारतात 2018 साली लावायच्या अनेक स्टेरॉइड मलमांची विक्री चिठ्ठीशिवाय होऊ नये म्हणून ती शेड्यूल एचमध्ये घातली गेली. दुकानात मिळतात ती गोष्ट वेगळी. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. लहान मुलांच्या चेहऱ्याला साधारणपणे हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का किंवा डेसोनाइड, अंगावरच्या जाड चट्ट्यांना फ्लुटिकासोन किंवा (दोन वर्षांवरील मुलांना) मोमेटासोन, अशी उतरंड असते. कोणतं कुठे, हे डॉक्टर ठरवतील. बिनलेबलची “जडीबुटीची” पुडी किंवा डबीतलं हिरवं मलम दोन दिवसांत जादू करत असेल तर आत कडक स्टेरॉइड असण्याची शंका घ्या.

त्वचा स्वच्छ झाली, आता काय

इथे बहुतेकांचा उपचार संपतो. खरं तर इथून दुसरा भाग सुरू होतो. ज्या जागी इसब पुन्हा पुन्हा उगवतो तिथली त्वचा दिसायला स्वच्छ असली तरी आत धग शिल्लक असते. म्हणून महिन्यात दोन-तीनदा उसळणाऱ्या मुलाला डॉक्टर देखभालीचा डोस देतात: तेच मलम त्याच ठरलेल्या जागांवर आठवड्यातून दोनच दिवस, उदाहरणार्थ शनिवार-रविवार, त्वचा छान असतानाही, काही महिने. मॉइश्चरायझर मात्र रोज दोनदा-तीनदा. पापण्या, ओठांभोवती, मानेच्या घड्या अशा नाजूक जागांसाठी दोन वर्षांवरील मुलांना टॅक्रोलिमस 0.03 टक्के हे स्टेरॉइड नसलेलं मलम याच पद्धतीने वापरतात. ते पहिले चार-पाच दिवस चुरचुरतं. आधी फ्रिजमध्ये ठेवून गार लावलं आणि कोरड्या त्वचेवर लावलं तर मुलं सहन करतात. ही चुरचुर म्हणजे ॲलर्जी समजून तिसऱ्या दिवशी सोडून देणं हीच त्यातली नेहमीची गफलत.

स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर यांत अर्धा तास अंतर ठेवा. आधी कोणतं, यावरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही. जाड मॉइश्चरायझरच्या थरावर लगेच औषध फासलं तर ते पातळ होऊन नको तिथे पसरतं, एवढाच मुद्दा.

आंघोळ, तेल, धुरी

रोज आंघोळ चालते. पाच ते दहा मिनिटं, कोमट पाण्याने. मनगटाच्या आत गरम लागलं तर ते गरम आहे. पंचाने टिपून घ्या, घासू नका, आणि ओलसर अंगावर तीन मिनिटांत मॉइश्चरायझर. बाथरूममधून खोलीत नेऊन, कपडे शोधून, मग क्रीम हा क्रम चुकीचा. डबा बाथरूमच्या दाराशीच ठेवा. साबणाचा पीएच (7 च्या खाली आम्ल, वर अल्क) 9-10 च्या घरात, त्वचेचा 5 च्या आसपास. साबणाऐवजी बिनवासाचा सिंडेट बार (साबण नसलेली सौम्य वडी), तोही फक्त मळतं तिथे.

बेसन, मसूरडाळीचं उटणं, दुधाची साय घालून चोळणं बंद. दाणेदार पीठ फुटलेल्या त्वचेला कानसच लावतं, आणि पिठातल्या प्रथिनांची ॲलर्जी फुटक्या त्वचेतूनच जडू शकते. मालिशीला मोहरीचं तेल नको. त्वचेचं आवरण बिघडवतं. ऑलिव्हचंही तसंच. खोबरेल चालतं, पण पौष-माघात इंदुरात ते बाटलीत थिजतं आणि मग बाटली गॅसजवळ ठेवतात. त्यापेक्षा वाटी गरम पाण्यात ठेवा. खोबरेल मॉइश्चरायझरला जोड आहे, त्याच्या जागी नाही.

न्हाऊ घातल्यावर ओवा-वेखंडाची धुरी हा आजीचा हक्काचा भाग. आजी, मालिश करा, गाणी म्हणा, झोपवा. धुरी आणि पावडर तेवढी नको. धूर आणि वेखंड दोन्ही या त्वचेला खाज आणतात.

पाण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. ज्या कॉलन्यांत बोरिंगचं पाणी येतं तिथे बादलीला पांढरा थर धरतो आणि सगळा दोष पाण्यावर जातो. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, हे खरं. पण 2011 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या 336 मुलांच्या चाचणीत घराला वॉटर सॉफ्टनर बसवून इसबात काही फरक पडला नव्हता. तेव्हा हजारो रुपये त्यात घालू नका. साबण कमी करा, नळाला येणारं नर्मदेचं पाणी भरलेलं असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे घाला. कपडे धुतल्यावर एक पिळा जास्त साध्या पाण्यातून काढा.

इंदूरचं हवामान आणि मलमाचा पोत

हिवाळ्यात घट्ट मलम लागतं. लोकरीचा स्वेटर थेट अंगाला नको, आत पूर्ण बाह्यांचा सुती बनियन. खोलीत हीटर रात्रभर चालला तर हवा आणखी सुकते. झोपायच्या आधी खोली तापवा आणि बंद करा.

एप्रिल-मे मध्ये तेच घट्ट मलम लावत राहिलं तर घामाची छिद्रं बुजतात, घामोळं येतं आणि घरच्यांना वाटतं इसब वाढला. उन्हाळ्यात दिवसा हलकं क्रीम, रात्री मलम. घाम आला की ओल्या फडक्याने टिपून पुन्हा क्रीम. कूलर चालेल, पण त्याची गवताची जाळी दर हंगामाला बदला. कुबट वास येतो तो बुरशीचा असतो. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघायची असेल तर लांबून, गॅलरीतून. अंगावर आधी पेट्रोलियम जेलीचा थर, पूर्ण बाह्या, आणि रंग लागलाच तर रॉकेल-लिंबू नाही, नुसतं पाणी.

सगळं बरोबर चाललंय, तरी जात नाही

पुरेसं औषध पुरेसे दिवस लावूनही दोन आठवड्यांत फरक नसेल तर चार शक्यता तपासायला हव्यात.

मधाच्या रंगाच्या खपल्या, पाणी, गाठी, ताप: स्टॅफिलोकोकसचा संसर्ग. डॉक्टर प्रतिजैविक देतात, पण स्टेरॉइड चालूच ठेवायचं असतं. नुसत्या प्रतिजैविकाने इसब जात नाही. संसर्ग वारंवार होत असेल तर काही मुलांना डॉक्टर सौम्य ब्लीचची आंघोळ सांगतात. प्रमाण 0.005 टक्के, म्हणजे 5 टक्क्यांचं साधं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर 10 लिटर पाण्याला 10 मिली. हे स्वतःच्या मनाने करू नका, कारण बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं क्लीनर तर कधीच नाही.

टाचणीच्या डोक्याएवढे एकसारखे फोड, मग मध्ये खोलगट गोल जखमा, खाजेपेक्षा दुखणं जास्त, ताप, मूल मलूल: हा इसबावर पसरलेला हर्पिस असू शकतो. उद्या सकाळची वाट नाही. त्याच रात्री इंदूरच्या एमवाय या सरकारी किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात. हर्पिसवरचं औषध असायक्लोव्हिर जितकं लवकर तितकं बरं. डोळ्याजवळ असेल तर डोळ्यांचे डॉक्टरही लागतात.

रात्री खाज भडकते आणि घरात आणखी कोणालाही खाज आहे: खरूज. बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर पुळ्या असतील तर जवळजवळ तीच. पर्मेथ्रिन 5 टक्के, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, 8 ते 12 तास, आणि आठवड्याने पुन्हा. एकालाही वगळलं तर ती फिरून येते. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल तर आधी डॉक्टर.

गोल चकती, कड उठलेली, मध्ये साफ: नायटा. स्टेरॉइडमुळे त्याचं रूप बदलतं आणि तो इसबासारखा दिसायला लागतो. खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कळतं.

खाणं

दूध, अंडी, गहू, दाणे एकदम बंद करणं हा घरचा आवडता उपाय आणि सगळ्यांत नुकसानीचा. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलट्या, असं होत असेल तरच त्या एका पदार्थाची तपासणी. रक्ताचं मोठं ‘ॲलर्जी पॅनल’ करून वीस पदार्थ लाल खुणांचे आले म्हणून वीस पदार्थ बंद करायचे नसतात. रक्तात प्रतिपिंडं सापडणं आणि ॲलर्जी असणं वेगळं. विनाकारण बंद केल्याने वजन घटतं, आणि खाण्याची सवय तुटल्यावर पुढे खरी ॲलर्जी होऊ शकते. 2015 सालच्या एका मोठ्या चाचणीत तर तीव्र इसब असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी कमी झाली. तीव्र इसब असेल तर शेंगदाणा डॉक्टरांना विचारून, आधी तपासून सुरू करा, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा कधीच नाही. बारीक कूट पेजेत.

रात्रीची खाज तोडायला: ओला पोशाख

तीव्र उसळीत याने दोन-तीन रात्रींत फरक दिसतो. संध्याकाळी कोमट आंघोळ. चट्ट्यांवर डॉक्टरांनी सांगितलेलं सौम्य स्टेरॉइड, बाकी अंगावर भरपूर मॉइश्चरायझर. घट्ट बसणारा सुती बनियन आणि पायजमा कोमट पाण्यात बुडवून पिळा, ठिबकणार नाही इतका, आणि घाला. वरून कोरडा सुती जोड. दोन-तीन तास किंवा रात्रभर, तीन ते सात दिवस. चट्टे पिकलेले असतील तर करू नका. कडक स्टेरॉइडवर करू नका, ओल्या कपड्याखाली ते कित्येक पट शोषलं जातं. आणि डिसेंबरातल्या रात्री आधी खोली उबदार करा, बाळ कुडकुडलं तर पोशाख काढा. सिट्रिझिन या ॲलर्जीवरच्या औषधाने ही खाज फारशी थांबत नाही. झोप आणणारी औषधं थोड्या रात्रींसाठीच, डॉक्टरांच्या सांगण्याने. नखं दर चार दिवसांनी कापा.

पुढची पायरी कधी

‘पोएम’चा आकडा 17 च्या खाली येत नाही, शाळा-झोप-वजन बिघडतंय, आणि वरचं सगळं खरोखर केलंय, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पुढच्या औषधांची चर्चा करा. प्रेडनिसोलोनचं सिरप किंवा बीटामेथासोनचे थेंब (पोटात घ्यायची स्टेरॉइडं) त्यात नसावेत. चार दिवस सुख देतात आणि बंद केल्यावर दुपटीने उसळतात. सायक्लोस्पोरिन लवकर काम करतं, पण रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासत राहावं लागतं. मेथोट्रेक्सेट सावकाश चालतं आणि ते आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं. चुकून रोज दिलं तर जीवावर बेततं, म्हणून वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या आणि गोळ्या इतर औषधांपासून वेगळ्या ठेवा. डुपिलुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांना देता येतं (अमेरिकेत 2022 पासून मान्यता), लहान मुलांना चार आठवड्यांतून एकदा; खर्च मोठा आहे आणि काहींना डोळे लाल होण्याचा त्रास होतो.

ही औषधं सुरू करण्याआधी लसीकरणाचं कार्ड दाखवा. गोवर-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लसी राहिल्या असतील तर आधी घ्याव्या लागतात. नुसत्या इसबामुळे कोणतीही नेहमीची लस पुढे ढकलायची गरज नाही. आणि भेटीला जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्याही, पिशवीत घालून न्या. नावं आठवण्यापेक्षा ते बरं.